राजीनामा काचेखाली अडकलाय, ९० दिवस मोजायचे कुठून?

वडगावचा क्वालिटीवाला · ३ डिसेंबर २०२५

मंडळी, नमस्कार. जरा लांबडं होणार आहे. खरं मधलं गाळून सांगितलं तर तुम्हीच म्हणाल, चूक तुझी आहे. थोडी आहेच.

बेळगावच्या उद्यमबागमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका मशीन शॉपला मी क्वालिटीत आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो आम्ही. कास्टिंग बाहेरून येतं, मशीनिंग आणि तपासणी आमच्याकडं. डिप्लोमा करून आधी दोन ठिकाणी हात काळे केले आणि १ फेब्रुवारी २०२१ ला इथं लागलो, १९ हजारांवर. आज ग्रॉस ३६,४००, त्यातलं बेसिक १८,२००. आता कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतून ४६ हजारांची ऑफर आलीय. बायकोचं माहेर निपाणी, तिथून कागल वीसेक किलोमीटर. सासरे म्हणतात वरची खोली रिकामीच आहे. गल्लीत घरजावई म्हणून चिडवून घ्यायची तयारी केलीय मी.

२४ नोव्हेंबरला, सोमवारी, राजीनामा हातात नेऊन दिला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे काय करूलालास?" मी म्हटलं, घरचं कारण आहे. ते काही बोलले नाहीत. टेबलावरची काच एका बाजूनं उचलली आणि कागद आत सरकवला. त्या काचेखाली आधीपासून अंबाबाईचा फोटो, कुठल्याशा टूलवाल्याचं २०२३ चं कॅलेंडर कार्ड आणि टॅप-ड्रिलच्या साइजचा तक्ता आहे. आता त्यांच्या शेजारी मी. आज दहावा दिवस. रोज इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही घ्यायला जातो, साहेब वरच्या कागदावर सही करतात आणि खालून माझी सही माझ्याकडं बघत असते.

एचआरला विचारलं तर म्हणतात, "साहेबांनी ॲक्सेप्ट केला की तिथून ९० दिवस."

आता या ९० ची गोष्ट. लागलो तेव्हाच्या पत्रात ३० दिवस होते. २०२३ ला गणपतीच्या तोंडावर इन्क्रिमेंटचं पत्र आलं. २,१०० रुपये वाढले, नावापुढं 'सीनियर' लागलं. मी त्या दिवशी मंडपाच्या पत्र्यांसाठी लवकर सुटायच्या घाईत होतो. पहिलं पान बघितलं, आकडा बघितला आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली. दुसऱ्या पानावर लिहिलंय की आता नोटीस ९० दिवस. कंपनीनं काढायचं म्हटलं तर मात्र ३० च. म्हणजे मी त्यांना नको झालो तर महिना, ते मला नको झाले तर तीन महिने.

कागलवाले १ जानेवारीला या म्हणतात. इथं पैसे भरून सुटतो म्हटलं तर एचआरचं उत्तर असं: महिन्यात जायचं असेल तर उरलेल्या ६० दिवसांचे ग्रॉसवर ७२,८०० भरा, आणि पैसे घेऊन सोडायचं की नाही ते मॅनेजमेंट ठरवणार. माझ्या १९ अर्न लीव्ह शिल्लक आहेत, त्या धरा म्हटलं तर "नोटीसमध्ये रजा नाही". वर माझं डिप्लोमाचं मूळ सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून त्यांच्या लॉकरात.

राग कशाचा येतोय सांगू? माझ्या जागी माणूस बघायला लागले असते तर मी समजलो असतो. दहा दिवसांत एक जाहिरात नाही, एक इंटरव्ह्यू नाही. माझ्या हाताखाली हलग्याची एक पोरगी आहे, दीड वर्षं झाली लागून, हुशार आहे. सीएमएमचे, म्हणजे पार्टची मापं घ्यायच्या मशीनचे, प्रोग्रॅम तिला येतात. तिला फक्त माझी वही समजावून द्यायची आहे. अमुक पार्टचा कोअर सरकला की ३ नंबरच्या पोर्टची भिंत पातळ येते, आधी तिथं बघायचं; तमुक कास्टिंग सकाळी आल्या आल्या मोजायचं नाही, सीएमएमच्या खोलीत २० डिग्रीला निदान चार तास बसू द्यायचं. (उन्हाळ्यात त्या खोलीत अख्ख्या कंपनीला काहीतरी काम निघतं, ते वेगळं.) पंधरा दिवसांचं काम आहे हे. उरलेले पंचाहत्तर दिवस मी कशासाठी बसायचं?

तर विचारायचं हे की दिवस राजीनामा दिल्यापासून मोजायचे की साहेबांची काच उचलली जाईल तेव्हापासून? आणि उद्यापासून गेलोच नाही तर काय होतं?

---

शिनोळी शिफ्ट · ३ डिसेंबर

काही होत नाही. मी गेल्या वर्षी पगार जमा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून गेलो नाही. फोन बंद. दोन पत्रं आली घरी, आईनं देवळीत ठेवली. एवढाच त्रास झाला की पीएफमध्ये सोडल्याची तारीख त्यांनी भरलीच नाही, त्यामुळं पैसे ट्रान्स्फर होईनात. मग कळलं की शेवटचा हप्ता पडल्यावर दोन महिन्यांनी आपली आपल्याला पोर्टलवर तारीख टाकता येते. टाकली, झालं.

आणि आता नवीन कायद्यात एका वर्षात ग्रॅच्युइटी आहे म्हणे, व्हॉट्सॲपवर आलंय. ती पण माग.

---

वडगावचा क्वालिटीवाला · ३ डिसेंबर

भावा, तुझं जमलं. माझ्या ऑफर लेटरमध्ये स्पष्ट आहे, रिलीव्हिंग लेटर नाही तर जॉइनिंग नाही. आणि उद्यमबाग केवढं? सकाळी चहाच्या गाड्यावर ज्याला चुकवायचं तोच शेजारी उभा असतो.

---

खानापूर टू बेंगळूर · ३ डिसेंबर

आयटीत हे ९० दिवस नेहमीचंच आहे. इथं रिक्रूटरचा पहिला फोन आला की नाव विचारायच्या आधी "नोटीस किती?" विचारतात. लग्नाच्या बाजारात पोराला पगार विचारतात तसं.

अनुभवाचं एक सांगतो. १ जानेवारी ही तारीख कागलवाल्यांना काही पंचांगात सापडलेली नाही. त्यांच्या एचआरनं फॉर्ममध्ये काहीतरी टाकायचं म्हणून टाकलेली असते. त्यांना भीती वेगळीच असते. माणूस नोटीसवर असताना आणखी दोन ऑफर घेतो आणि ऐनवेळी येत नाही. मी स्वतः तसं केलंय, लपवत नाही. म्हणून त्यांना मेल टाक की मी राजीनामा दिलाय, ही त्याची प्रत, मी रीतसर सुटून येणार आहे, फेब्रुवारीची तारीख द्या. राजीनाम्याची प्रत बघितली की अर्धं टेन्शन जातं त्यांचं. आणि थोडे दिवस कमी पडले तर त्याचे पैसे ते देणार का तेही विचार. आमच्याकडं नवी कंपनी कधीकधी देते. कारखान्यात देतात का ठाऊक नाही, खरं विचारायला काय जातंय?

---

मच्छे फाउंड्री · ४ डिसेंबर

मी मालक आहे, शिव्या घालायच्या असतील तर आधीच घाला.

९० दिवस कशाला, ते आमच्या बाजूनं सांगतो. गेल्या दिवाळीनंतर एकाच आठवड्यात माझे दोन सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, तीन-तीन हजारांसाठी गेले. एक मशीन तीन आठवडे झाकून ठेवलं. कस्टमरला फोन करून 'उद्या, परवा' सांगायला मीच होतो, ते दोघं नव्हते. मग वकिलाकडून पत्राचा मसुदा आणला, त्यात ९० होते, मी पण ९० टाकले. सगळ्यांकडं असंच झालंय. एकाचं बघून दुसऱ्यानं.

आता खरं बोलतो. ९० दिवसांचा काही उपयोग झाला नाही. राजीनामा दिलेला माणूस पहिला महिना नीट काम करतो. दुसऱ्या महिन्यात तो मशीनपुढं असतो आणि डोकं नव्या कंपनीत असतं. रिजेक्शन त्याच महिन्यात वाढलं माझ्याकडं. तिसऱ्या महिन्यात बाकीची पोरं त्याच्याभोवती गोळा होतात, तिकडं जागा आहे का विचारायला. आता मी ४५ वर आणलंय आणि दोन्ही बाजूंना सारखंच ठेवलंय.

तुम्हाला एकच विचारतो. तुमच्या कंपनीत कस्टमरचं ऑडिट कधी आहे? तुमच्या साहेबांना ९० दिवस नकोच आहेत बहुतेक. ऑडिटच्या दिवशी सीएमएमच्या खोलीत तुम्ही उभे राहायला हवे आहात. ते बोलून दाखवता येत नाही म्हणून कागद काचेखाली. एका कागदावर पार्टवार लिहून न्या, कुठला पार्ट कुठल्या तारखेपर्यंत त्या मुलीच्या हातात देणार. आणि कागलचा पगार कुणाला सांगू नका. सांगितलात की विषय तुमच्या नोटिशीवरून त्यांच्या मोठेपणावर जातो.

---

जुना टाइमकीपर · ४ डिसेंबर

शहापूरचा आहे मी. टाइम ऑफिसमध्ये मस्टर लिहीत सत्तावीस वर्षं काढली, आता निवृत्त. चिरंजीव, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट कागदाची. नोटीस दिली त्या दिवसापासून मोजायची असते. मंजुरीनंतर मोजायची असं तुमच्या पत्रात लिहिलेलं असेल तर वेगळं, म्हणून आधी तो परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. तसं नसेल तर काच उचलली काय आणि नाही काय, तुमचा दिवस २४ नोव्हेंबर. पण तो दिवस सिद्ध कशानं करणार? अंबाबाई साक्ष द्यायला येणार नाही. आजच्या आज साहेब आणि एचआर दोघांना मेल करा: २४ नोव्हेंबरला समक्ष दिलेल्या राजीनाम्याची प्रत सोबत जोडत आहे. तेच पत्र पोस्टानंही पाठवा. रजिस्टर पोस्ट यंदा स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट सांगा, त्यावर रजिस्ट्रेशन आणि पोचपावती दोन्ही मागून घ्या. पावती जपून ठेवा, देवळीत नको.

सर्टिफिकेटसाठी वेगळा मेल. राजीनाम्याच्या मेलमध्ये ते घालू नका. दोन विषय एका मेलमध्ये घातले की उत्तर सोयीच्या विषयाला येतं.

आता कायदा. मनाविरुद्ध तुम्हाला कामावर बसवून ठेवा असा हुकूम कुठलं कोर्ट देत नाही, १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं तत्त्वच तसं आहे. कंपनी मागेल ते पैसे मागेल. मात्र 'असली कलमं कोर्टात टिकत नाहीत' असं चहाच्या गाड्यावर कुणी सांगितलं तर ऐकू नका. मे २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांआधी नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे ही अट वैध ठरवली. ते प्रकरण बाँडचं होतं, तुमचं नोटिशीचं आहे, बँक सरकारी होती, सगळं मान्य. तरी सही केलेल्या कागदाला किंमत असते एवढं त्यातून घ्या.

मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे सरकारच्या नमुना सेवानियमांत, महिन्याच्या पगारावरच्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आहे, हेही कुणीतरी तुम्हाला सांगेल. बरोबर आहे. पण तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार की पर्यवेक्षक, यावरच तुमच्या साहेबांचा वकील दोन वर्षं खाईल. 'सीनियर' हा शब्द २,१०० रुपयांत फुकट नाही दिला त्यांनी. त्या वाटेला जाऊ नका, तुम्हाला कागलला जायचंय.

आणि आता जे सांगायला एवढं लिहीत बसलो ते. तुम्ही सगळे १ जानेवारीवर डोळा ठेवून बसलाय. मी तुमची लागल्याची तारीख वाचली आणि थांबलो. १ फेब्रुवारी २०२१. म्हणजे ३१ जानेवारी २०२६ ला तुमची पाच वर्षं पुरी होतात.

ग्रॅच्युइटी, चिरंजीव. वर्षाला पंधरा दिवसांचं बेसिक, महिना २६ दिवसांचा धरून: १८,२०० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे वर्षाला १०,५००. पाच वर्षांचे ५२,५००. एक महिना आधी सुटायला ७२,८०० भरणार आणि वर हे ५२,५०० सोडून जाणार. सव्वा लाखाला महिना पडला हा.

वरच्या शिनोळीच्या पाहुण्यांसाठी: २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या हे खरं, पण एका वर्षाची ग्रॅच्युइटी ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आहे. कायम नोकराला पाच वर्षंच. त्याच कायद्यांतली तुमच्या कामाची गोष्ट व्हॉट्सॲपवर कुणी टाकत नाही. वेतन संहितेप्रमाणं राजीनामा देणाऱ्याचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. आमच्या वेळी 'फुल अँड फायनल', म्हणजे सुटतानाचा शेवटचा हिशोब, म्हटलं की दीड महिना खेटे.

चार वर्षं आणि पाचव्यात २४० दिवस झाले की पाच धरतात असंही म्हणतील. मद्रास हायकोर्टाचा तसा निकाल आहे. पण तुम्ही बेळगावात आहात आणि तुमचा अकाउंटंट निकाल वाचून चेक फाडत नाही. पाच पुरी करून जा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९० च्या आसपास आमच्याकडं एक टर्नर होता, अनगोळचा. गोव्याला चांगली जागा मिळाली म्हणून घाईनं गेला. हिशोब करायला माझ्यापुढं मस्टर आलं. पाच वर्षांना अकरा दिवस कमी. साहेबांनी विचारलं, "भरले का?" मी म्हटलं, नाही. लाल शाईनं रेघ मारली ती मीच. त्याच्या पंधराएक रजा शिल्लक होत्या, दोन आठवडे थांबून गेला असता तरी चाललं असतं. त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायचं काम माझं आहे असं मला त्या वेळी वाटलं नाही.

तेव्हा मागायचं ते असं: ३१ जानेवारी हा शेवटचा दिवस द्या. २४ नोव्हेंबरपासून ९० दिवस २२ फेब्रुवारीला भरतात. म्हणजे २२ दिवस कमी. १९ रजा त्यात धरल्या तर तीन दिवस उरतात. ग्रॉसवर ३,६४०, बेसिकवर १,८२०. पत्रात कुठला शब्द आहे तो बघा. रजा धरायच्या नसतील तर न धरोत, मग त्या १९ दिवसांचे पैसे त्यांनी तुम्हाला द्यायचे. तुम्ही २२ दिवसांचे भरा, ते १९ दिवसांचे देतील. एका खिशातून दुसऱ्या खिशात. हे एचआरसमोर कागदावर मांडा, तोंडी नको.

एक शंका. सुरुवातीचे काही महिने तुम्हाला ट्रेनी दाखवलं होतं का? असेल तर पाच वर्षं कन्फर्मेशनपासून मोजतो म्हणतील. पीएफचं पासबुक काढा आणि पहिला हप्ता कुठल्या महिन्याचा ते बघा.

---

वडगावचा क्वालिटीवाला · ४ डिसेंबर, रात्री

काका, मी दोनदा वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या काकांना आधी विचारायचं होतंस, मग राजीनामा द्यायचा होतास.

सहा महिने ट्रेनी होतो. पासबुक काढलं, पहिला हप्ता फेब्रुवारी २०२१ चाच आहे. पत्रात 'मंजुरीनंतर' असं कुठंही नाही, आणि कमी दिवसांसाठी 'बेसिक' असंच लिहिलंय. म्हणजे एचआरचे ७२,८०० हवेतलेच होते, पत्राप्रमाणं ६० दिवसांचे ३६,४०० होतात. दोन वर्षांनी मी ते दुसरं पान पहिल्यांदा नीट वाचलं. स्कूटरच्या सीटवर वाचायला हवं होतं.

आणि मच्छेवाले मालक, तुम्ही आमच्याकडं येऊन गेलाय का कधी? ऑडिट २० आणि २१ जानेवारीला आहे.

---

निपाणीची लेक · ५ डिसेंबर

मी निपाणीहून कागलला रोज जाते, चार वर्षं झाली. एवढंच सांगते की रस्ता चांगला, वेळ ठरलेली, खरं सीमेवर काही तापलं की दोन्हीकडच्या बस उभ्या राहतात आणि कोगनोळीच्या टोलनाक्यावर आपण अडकतो. नव्या कंपनीला आधीच सांगून ठेवा, वर्षातून एक-दोन दिवस असं होणार. त्यांना माहीत असतं, त्यांची निम्मी माणसं इकडचीच आहेत.

मला सोडताना आधीच्या ठिकाणी सर्टिफिकेट देईनात. शेवटी कामगार खात्यात जाते म्हणून अर्ज लिहिला. बोलते मराठी, पण अर्ज शेजारच्या काकूंच्या मुलाकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, कार्यालयात लगेच वाचला जावा म्हणून. जायची वेळ आलीच नाही. अर्जाची कच्ची प्रत एचआरच्या टेबलावर विसरल्यासारखी ठेवून आले, संध्याकाळी सर्टिफिकेट हातात.

---

वडगावचा क्वालिटीवाला · १६ डिसेंबर

उशीर झाला सांगायला. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथं सुरू आहे, ते भरतं त्या सुवर्णसौधच्या बाजूला हायवेवर रोज काही ना काही मोर्चा, त्यात मटेरियलच्या गाड्या अडकतात आणि आल्या की सगळ्या एकदम येतात.

मेल त्याच रात्री केला. पोस्टानंही पाठवलं, पोचपावती आली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. थोडे चिडले होते. "शेजारच्या खोलीत बसतोस आणि मेलनं पत्र पाठवतोस?" मी काही बोललो नाही, पार्टवार कागद पुढं ठेवला. चौदा पार्ट, चौदा तारखा, शेवटची १७ जानेवारी. तो त्यांनी वाचला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "ऑडिटला असणार ना पण तू?" मी म्हटलं, ३१ जानेवारीपर्यंत आहे, साहेब. "मग आधी सांगायचंस की."

मग काच उचलली. चहाच्या कपाच्या ओलाव्यानं कागद खालून काचेला चिकटला होता. त्यांनी ओढला तर माझ्या सहीचा निम्मा भाग काचेवर राहिला. नखानं खरवडायला लागले, मी म्हटलं राहू द्या, प्रत आहे माझ्याकडं. तिच्यावर 'मिळाला' लिहून सही केली आणि तारीख टाकली ५ डिसेंबर. मी मोबाइलवर मेल दाखवला. एक मिनिट गप्प बसले. मग ५ खोडून २४/११ केलं आणि शेजारी बारकी सही केली.

३१ जानेवारी मान्य, लेखी आलंय. रजांचं 'बघू' म्हणालेत, ते तोंडीच आहे, काकांनी सांगितलेला दोन खिशांचा हिशोब एचआरकडं देऊन आलोय. कागलवाल्यांनी २ फेब्रुवारी, सोमवार दिला, एका मेलमध्ये. तीन दिवसांचे पैसे देणार का विचारलं तर हसले. ग्रॅच्युइटीचा ग पण मी अजून काढलेला नाही.

सर्टिफिकेट मात्र अजून नाही. लॉकरची किल्ली अकाउंटंटकडं असते आणि ते गावी गेलेत म्हणे.

---

जुना टाइमकीपर · १६ डिसेंबर

ग्रॅच्युइटीबद्दल गप्प बसलात ते बरं केलंत. सुटल्यावर तीस दिवसांच्या आत लेखी अर्ज करा. देणं झाल्यापासून तीस दिवसांत त्यांनी द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट.

किल्ली दोन असतात. दुसरी टाइम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, स्टॅम्प पॅडच्या डब्याखाली. निदान आमच्याकडं तिथं असायची.

---

वडगावचा क्वालिटीवाला · १८ डिसेंबर

काका, स्टॅम्प पॅडचा डबा नव्हता. हजेरीच्या जुन्या कार्डांचा होता. सर्टिफिकेट मिळालं, कोपऱ्याला टाचणीचा गंज लागलाय तेवढाच.

आता निपाणीच्या ताईंना विचारायचंय. सकाळी सातच्या शिफ्टला कागल एमआयडीसीत पोचायचं तर निपाणी स्टँडवरून किती वाजताची गाडी धरायची? का बाईकच बरी?